पर्यावरणाची वही आणि टिपेश्वरचा वाघ

ज्यांच्याकडे रेंज नाही किंवा ज्यांचा हेडफोन हरवलाय, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित अवतार.

मी मूळचा घाटंजीचा, सध्या पुण्यात कोड लिहितो. आमच्या गावापासून जवळच टिपेश्वर अभयारण्य आहे. टिपाई देवीवरून पडलेलं नाव, सुमारे १४८ चौरस किलोमीटर जंगल, त्यात सागच साग. आमच्या शाळेची सहल तिथे एकदाही गेली नाही. शेगावला मात्र दोनदा गेली. अकरावीत पर्यावरणाचा प्रोजेक्ट आला तेव्हा मी तो वरच्या वर्गातल्या एका पोट्ट्याच्या वहीतून जसाच्या तसा उतरवला. त्यानेही कुणा मुंबईवाल्याचा उतरवला असणार, कारण त्यात दोन पानं खारफुटीवर होती. घाटंजीत खारफुटी! सरांनी सही केली, विषय संपला.

ही वही आपल्यापर्यंत आली कशी, हा आजचा विषय.

सुरुवात होते १९०८ साली मुंबईत. सालिम अली नावाच्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. असली चिमणी त्याने आधी पाहिली नव्हती. ती घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. तिथे मिलार्ड नावाचे साहेब होते. त्यांनी चिमणी ओळखली आणि मग कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी त्या पोराला दाखवले. ना अभ्यासक्रम, ना परीक्षा. पोराच्या हातात चिमणी होती आणि तोंडात प्रश्न होता, एवढंच. पुढे १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्ग विभागात हेच सालिम अली गाइड लेक्चरर म्हणून लागले, म्हणजे आलेल्या लोकांना प्राणी-पक्षी समजावून सांगायची नोकरी. याच सोसायटीचं आज गोरेगावला, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून, ३३ एकरांवर निसर्ग शिक्षण केंद्र आहे. मुंबईची शाळकरी पोरं तिथे पायवाटेवर चालत फुलपाखरं बघतात. हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

पण सगळ्या देशाला असं केंद्र कुठून मिळणार? इथे गोष्ट कोर्टात जाते. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ ला आदेश दिला. त्यातला एक भाग मला भारी आवडतो: थिएटरमध्ये प्रत्येक खेळाआधी पर्यावरणाच्या स्लाइड फुकट दाखवा! दुसरा भाग होता की शाळा-कॉलेजांत हा विषय सक्तीचा करा. राज्यांनी बरीच वर्षं टंगळमंगळ केली. शेवटी डिसेंबर २००३ मध्ये कोर्टाने एनसीईआरटीला पहिली ते बारावीचा नमुना अभ्यासक्रम करायला लावला, आणि २००४ मध्ये राज्यांना तो लागू करायला सांगितलं. माझी वही त्यातूनच आली. कोर्टाचा हेतू चांगला होता, यात वाद नाही. पण सक्ती विषयाची झाली, जंगलात जायची नाही. आमच्याकडे फक्त वही पोचली.

आणि वाघ वावरातच होता. २०१८ मध्ये पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ वाघिणीची, म्हणजे अवनीची, दहशत होती. १३ माणसांचे बळी तिच्या नावावर लावले गेले. २ नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली. तेव्हा आई फोनवर सांगायची की कापूस वेचायला बाया एकट्या जात नाहीत, दिवस कलायच्या आत सगळे घरी येतात. आपण वाघाच्या शेजारी राहतो, तर त्याचं काय करायचं, हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं. खारफुटी होती.

मग २०१९. टिपेश्वरमध्येच जन्मलेल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारीत रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला तो महाराष्ट्र-तेलंगणातली शेतं, नद्या, हायवे ओलांडत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. लोकांनी त्याला वॉकर नाव दिलं. एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या वर. माझ्यासारख्या डेटावाल्या माणसासाठी तर ही दिवाळीच.

मागच्या सुट्टीत तो नकाशा मी भाच्याला मोबाइलवर दाखवला. तो सहावीत आहे, त्यालाही शाळेत पर्यावरण आहे. मी त्याला जीपीएस कसं चालतं ते सांगत होतो. त्याचं लक्ष भलतीकडेच.

"मामा, हा आपल्या वावरातून गेला का बे?"

मी झूम केलं. रेष जाडच जाड होत गेली आणि तिच्याखाली आख्खा तालुका झाकला गेला. कळेना. तो म्हणाला, मग सुन्ना गेटवर जाऊन विचारू, तिथल्या गाइडकाकांना माहीत असंल.

पावसाळ्यात गेट बंद असतं. दिवाळीत जातोय आम्ही दोघं.