पोकळ मुठीचा इतिहास

माणसानं बँकेत वीस-बावीस वर्षं काढली की हत्यारांशी त्याचा संबंध टाचणी आणि कागद कापायची सुरी यांच्यापुरता उरतो. त्यातली टाचणीच काय ती रक्त काढू शकते, आणि तेही बहुधा आपलंच. तेव्हा "बाबा, येत्या शनिवारी आम्ही गोरखगडला जातोय, मुक्कामाला. एक बरा चाकू हवा," असं चिरंजीवांनी जाहीर केलं त्या वेळी त्या विषयात तोंड घालण्याचा मला काही अधिकार नव्हता. पण ज्या विषयातलं आपल्याला काही कळत नाही त्यात पुढाकार घेणं हा आम्हां मध्यमवर्गीयांचा जन्मसिद्ध हक्क आहे. तो मी बजावला.

"चाकू मी आणतो," मी म्हणालो.

"अहो, तुम्ही आणलेल्या विळीवर अजून दुधी कापला जात नाही," आतून आवाज आला. हा आवाज वीस वर्षं माझं अंतर्गत लेखापरीक्षण करत आला आहे.

आम्ही शहाडचे. शहाड म्हणजे कसारा गाडीतलं कल्याणनंतरचं पहिलं स्टेशन. बाहेरचे लोक आम्हाला सेंच्युरी रेयॉन आणि बिर्ला मंदिर या दोन खुणांवरून ओळखतात. पाठीवर सॅक लावून मुरबाडच्या रस्त्यानं डोंगराकडे जाणारी पोरं तर तेवढंही ओळखत नाहीत, ती आमच्या पुलावरून नुसती निघून जातात. पण ही वाट मोठी जुनी. कल्याण बंदरात उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच दिशेनं नाणेघाट चढून जुन्नरला जायचा. घाटात सातवाहनांचा शिलालेख आहे, आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजणही आहे. त्या बैलांच्या तांड्याबरोबर एखादा पोरगा पहिल्यांदाच घाट चढत असेल, तेव्हा त्याच्या बापानंही त्याच्या कमरेला काहीतरी पातं खोचलं असेलच. फक्त ते निवडताना त्या बापानं सिनेमा पाहिलेला नव्हता.

मी पाहिला होता. माझी शाळा चालू असताना आमच्या चाळीत गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्यानं आणत. पहिली कॅसेट देवाची, दुसरी घरगुती रडारडीची आणि लहान मुलं झोपली असं समजून तिसरी मारामारीची. अशाच एका रात्री मी १९८२ सालचा 'फर्स्ट ब्लड' पाहिला. कॅसेट इतकी झिजलेली होती, की पाऊस पडद्यावर पडतोय की टेपमध्ये, ते कळत नव्हतं. पण सिल्व्हेस्टर स्टॅलननं आपला दंड स्वतःच शिवायला घेतला आणि सुई-दोरा निघाला तो चाकूच्या मुठीतून! मागच्या सतरंजीवरून एक काकू म्हणाल्या, "बरा आहे गं, बायकोला सांगत नाही." मी मात्र त्या रात्री ठरवून टाकलं, की चाकू असावा तर असा.

तो चाकू बनवला होता अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या जिमी लाइल नावाच्या कारागिरानं. पातं नऊ इंचांचं, पाठीला करवतीचे दाते, मूठ म्हणजे पोकळ नळी. नळीत काड्या, सुई-दोरा, मासे धरायची दोरी आणि टोकाच्या झाकणात होकायंत्र. कल्पना मात्र त्याच्या आधीची. व्हिएतनामच्या युद्धकाळात, १९६०च्या दशकात, जॉर्ज इंग्राहम या लष्करी डॉक्टरानं सुचवल्यावरून फ्लॉरिडातल्या रँडल यांच्या कारखान्यानं पोलादी नळीच्या मुठीचा चाकू काढला होता. अडचणीत सापडलेल्या सैनिकाजवळ बाकी काही उरलं नाही तरी चाकू उरेल, तेव्हा औषधाच्या गोळ्या त्यातच ठेवाव्यात, हा विचार. डॉक्टरलाच सुचावा असा. पुढं सिनेमा गाजला आणि असल्या चाकूंच्या स्वस्त नकलांनी जगभरचे बाजार भरले.

त्यातलीच एक नक्कल कल्याणच्या बाजारात माझी वाट पाहत होती.

दुकानदारानं तीन चाकू पुढं टाकले. दोन अगदीच अरसिक, लाकडी मुठीचे. तिसऱ्याचं झाकण त्यानं फिरवून उघडलं आणि आतलं चिमुकलं भांडार काचेवर मांडलं. "घ्या साहेब, यात सगळं आहे." 'यात सगळं आहे' हे वाक्य मी स्वतः काउंटरवर बसून किती ठेवीदारांना ऐकवलं असेल! तरीही मी भुललो. फक्त कायद्याला भिणारा माणूस म्हणून पट्टीनं पातं मोजलं. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची गणना शस्त्रांत होते. घरकामाची आणि शेतीची अवजारं वगळून. म्हणजे पहिल्या सिनेमातला नऊ इंची चाकू सीमारेषेवर बसतो आणि १९८५च्या दुसऱ्या भागातला दहा इंची थेट शस्त्रांच्या रांगेत जातो. माझा सहाच इंची भरला. कायद्याच्या दृष्टीनं तो निरुपद्रवी होता. इतर दृष्टींनीही तो तसाच आहे, हे पुढं कळायचं होतं.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी मूठ भरायला बसलो. तापाच्या दोन गोळ्या, आठ काड्या, सुई-दोरा, शंभराची नोट घडी घालून घालून गुंडाळलेली. शेवटी एक चिठ्ठी. तिच्यावर पोराचं नाव, रक्तगट, घरचा फोन आणि खाली थोडी जागा उरली म्हणून 'जपून' असं लिहिलं. झाकण बसेना. एक गोळी कमी केली. पुन्हा बसेना. तेव्हा ध्यानात आलं, की मी चाकू भरतच नाही. माझी काळजी मी एका बोटभर नळीत कोंबतो आहे, आणि ती मावत नाही.

सकाळी चाकू आबांना दाखवला. माझ्या वडिलांनी कारखान्याच्या दुरुस्ती विभागात तीस वर्षं काढली. वय एकोणऐंशी. लोखंडाशी ते आमच्यापेक्षा जास्त बोलतात. त्यांनी मूठ बोटानं ठोकली, कानाशी धरली.

"पोकळ आहे?"

"त्यात सगळं राहतं, आबा."

"आणि पातं कशात राहतं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आबांनी गॅलरीतून जुन्या चौकटीचा एक तुकडा आणला, त्यावर पातं उभं धरायला सांगितलं आणि बत्त्यानं पाठीवर ठोकलं. जंगलात जळण असंच फोडतात. पहिल्या ठोक्याला पातं लाकडात रुतलं. दुसऱ्या ठोक्याला मूठ माझ्या हातात आणि पातं लाकडात! काड्या, गोळी, सुई आणि नोट फरशीभर झाली. आमचा ताळेबंद जुळला नाही.

आबांनी समजावलं ते असं. कुठल्याही पात्याला मागं एक शेपूट असतं, ते मुठीत शिरतं. पातं वाकडं दाबलं किंवा ठोकलं, की सगळा ताण पातं आणि मूठ जिथं मिळतात तिथं येतो. शेपूट मुठीच्या टोकापर्यंत असेल तर तो ताण अख्खी मूठ वाटून घेते. नळी पोकळ ठेवायची म्हणजे शेपूट तोडायचं, अन् उरलेला बोटाच्या पेराएवढा तुकडा डाग देऊन किंवा नट आवळून बसवायचा. चांगला कारागीर हे काम चांगलं करतो. स्वस्तातला करत नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, मला ते माझ्या भाषेत समजलं. राखीव निधी ठेवायला जागा हवी म्हणून या माणसानं भांडवलच पोखरलं होतं.

पुढच्या दोन रात्री मी या पोकळीच्या मागं लागलो. वाचून थक्क झालो. आपल्याकडच्या जुन्या तलवारींच्या लोखंडी मुठीही आतून पोकळच असत. पण त्या पोकळीत पात्याचं आखूड शेपूट घालून वर गरम लाख ओतत. लाख थिजली की दोन्ही एकजीव. पोकळी होती, पण भरण्यासाठी. दांडपट्ट्याची मूठ तर चांगली कोपरापर्यंत पोकळ. तिला खोबळा म्हणतात. मराठ्यांनी त्यात ठेवलं काय? तर स्वतःचा हात! काड्या, सुई-दोरा वगैरे काही नाही. कच्छकडच्या 'भुज' नावाच्या कुऱ्हाडवजा सुऱ्याच्या दांड्यात मात्र कधीकधी एक छोटा खंजीर लपवलेला सापडतो, फिरवून काढायचा. म्हणजे शेवटी ठेवायचंच तर त्यांनी दुसरं पातं ठेवलं. आणि गंमत अशी, की तिकडं परदेशातही या दुखण्यावर औषध निघालं. दक्षिण आफ्रिकेतून पुढं अमेरिकेत गेलेल्या ख्रिस रीव्ह या कारागिरानं पातं आणि मूठ एकाच पोलादी दांड्यातून घडवली आणि मूठ आतून कोरून घेतली. जोडच नाही, तर निखळणार काय? पण असली चीज कारकुनाच्या पगारात बसत नाही.

शेवटी शुक्रवारी आबांना घेऊन मी पुन्हा बाजारात गेलो. त्यांनी मी नाकारलेल्या त्या दोन अरसिक चाकूंतला एक उचलला. पातं चार बोटांचं. मुठीच्या दोन फळ्यांच्या मधून पोलादाची रेघ टोकापर्यंत दिसत होती, आणि आरपार तीन खिळे. आबांनी तो उलटा धरून पाहिला, म्यानात घालून हलवून पाहिला आणि मला म्हणाले, "जे दिसतंय ते घ्यावं." गोळ्या-काड्या एका प्लॅस्टिकच्या डबीत गेल्या. डबीत सगळं मावलं, झाकणही बसलं.

शनिवारी पोरगा गेला. संध्याकाळी त्याचा फोन लागेना. डोंगराआड लागत नाही, हे मला ठाऊक होतं; ठाऊक असल्याचा काही उपयोग नसतो. रात्री अकराला मी ती तुटकी मूठ हातात घेऊन गॅलरीत बसलो होतो. आबा पाणी प्यायला उठले आणि शेजारी बसले.

"तू पहिल्या नोकरीला नंदुरबारला गेलास ना," ते म्हणाले, "तेव्हा मी महिनाभर रात्रपाळी मागून घेतली होती. घरात झोप लागत नव्हती."

हे ते मला चोवीस वर्षांनी सांगत होते. मी त्यांना तोपर्यंत आतून भरीव समजत होतो.

रविवारी संध्याकाळी पोरगा आला. चाकूनं त्यानं काकडी, कांदे आणि एक दोरी कापली होती. जळण गावातल्या एका मामांनी कोयत्यानं दोन मिनिटांत फोडून दिलं म्हणे. कमरेच्या आकडीतून कोयता काढला आणि परत तिथंच अडकवला.

"आणि डबी?"

"उघडलीच नाही. चिठ्ठी तेवढी काढून पाकिटात ठेवली."

"का रे?"

"असू दे," तो म्हणाला आणि अंघोळीला गेला.

ती पोकळ मूठ आता बँकेत माझ्या टेबलावर असते. तिच्यात टाचण्या ठेवतो. कुणी विचारलं तर झाकण फिरवून दाखवतो, पण 'यात सगळं आहे' असं मात्र म्हणत नाही.