स्वराज्य कोणाविरुद्ध? सहा सूत्रे आणि त्यांवरील स्वोपज्ञ भाष्य

अवतरणिका

सूत्र एकाचे आणि भाष्य दुसऱ्याचे, ही शास्त्रातली रूढ वाट. आपल्याच सूत्रांवर आपणच भाष्य केले तर ते स्वोपज्ञ. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या अखेरीस विष्णुगुप्ताने सूत्र आणि भाष्य दोन्ही स्वतःच केल्याचे म्हटले आहे. त्या आधारावर पुढचे धाडस. विषय आहे संकल्पनांचा इतिहास. जर्मनीत ब्रुनर, काँत्से आणि कोसेलेक यांच्या संपादनाखाली राजकीय-सामाजिक संकल्पनांचा एक ऐतिहासिक कोश १९७२ पासून निघू लागला आणि १९९७ मध्ये पुरा झाला. त्या कोशाने या अभ्यासाला शाखेचे रूप दिले. आपण एवढा पसारा न मांडता एकच मराठी शब्द घेऊ: स्वराज्य.

सूत्र १. शब्द तोच, वस्तू तीच असेलच असे नाही.

‘शब्द’ म्हणजे अक्षरांचा सांगाडा. ‘वस्तू’ म्हणजे तो उच्चारताना बोलणाऱ्याच्या मनात जे असते ते. तैत्तिरीय उपनिषदात स्वाराज्य येते, दीर्घ वा-काराचे. ते साधकाला लाभते. तिथे किल्ला नाही, फौज नाही, वसूल नाही. अठराव्या शतकातल्या मराठी दप्तरात स्वराज्य येते तेव्हा मात्र आधी वसूलच येतो.

‘असेलच असे नाही’ हे पद मुद्दाम घातले आहे, कारण उलटा प्रकारही घडतो. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, डबिराचा सुमंत. कामे तीच राहिली, नावे बदलली. लोक मात्र पेशवाच म्हणत राहिले, आणि ‘पंतप्रधान’ पुढे दिल्लीतल्या वेगळ्याच पदाच्या कामी आला.

पूर्वपक्ष असा: ‘स्व’ म्हणजे आपले, ‘राज्य’ म्हणजे राज्य, फोड इतकी उघड असताना इतिहास कशाला? उत्तर: व्युत्पत्ती ही शब्दाची जन्मपत्रिका आहे. पत्रिका जुळली म्हणून संसार कसा झाला ते कळत नाही.

सूत्र २. अर्थ प्रतियोग्याला विचारावा.

‘प्रतियोगी’ हे पद न्यायशास्त्रातले. घटाचा अभाव म्हटले की घट हा त्या अभावाचा प्रतियोगी; त्याच्यावाचून त्या अभावाला ओळख नाही. इथे हे पद थोडे सैल करून वापरले आहे: शब्द ज्याच्यासमोर उभा राहतो तो त्याचा प्रतियोगी.

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतले. त्या तीन बाबींच्या होत्या: दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई, त्याच सुभ्यांची सरदेशमुखी आणि स्वराज्य. यातले स्वराज्य म्हणजे, ढोबळमानाने, शिवाजी महाराजांच्या निधनसमयी ताब्यात असलेला मुलूख. म्हणजे सीमा असलेली, मोजता येणारी, कागदावर उतरवता येणारी गोष्ट. तिचा प्रतियोगी होता मोगलाई. दुअमली गावाच्या हिशेबात हे दोन शब्द शेजारी शेजारी बसत: इतके स्वराज्याकडे, इतके मोगलाईकडे. त्यात रोष नव्हता, बेरीज होती.

आणखी एक गंमत नजरेआड होऊ नये. ज्या कागदाने हे स्वराज्य मान्य केले, त्यावर शिक्का बादशहाचा होता. प्रतियोग्यानेच शब्दाला मान्यता दिली होती.

सूत्र ३. जोडीतला एक चढतो, दुसरा शिवी होतो.

‘चढतो’ म्हणजे हिशेबाच्या वहीतून उठून ध्येयाच्या जागी जातो. स्वराज्याचे तसे झाले. मोगलाईचे काय झाले ते ऐकायला दप्तरखान्यात जायला नको. कोणी रांग मोडून पुढे घुसला की मागून आवाज येतो, ‘ही काय मोगलाई लागून गेलीय का?’ बोलणाऱ्याला औरंगजेब आठवत नसतो, चौथाई तर नाहीच. त्याला म्हणायचे असते: इथे विचारणारा कोणी नाही का?

एका वहीतली ही दोन शेजारी नावे. एकाची आरती झाली, दुसऱ्याची तक्रार. म्हणून अभ्यासकाने मोठ्या शब्दाचे चरित्र लिहिताना त्याच्या पडलेल्या जोडीदाराचा माग सोडू नये. चढलेला शब्द आपल्या भूतकाळाला रंगसफेदी करतो. पडलेल्याला तेवढी उसंत मिळत नाही.

सूत्र ४. हक्काचा उगम बदलला की हक्कही बदलतो.

मराठी राज्याच्या व्यवहारात ‘हक्क’ हा पाटील-देशमुखांच्या वतनाचा भाग. हक्क, लवाजिमा, मानपान अशी ती यादी असे: कोणाकडून किती आणि कधी, हे ठरलेले. वतन वंशात चालत आले तरी तंटा लागला की कागद दाखवावा लागे. टिळकांनी स्वराज्याला जन्मसिद्ध हक्क म्हटले तेव्हा एका वाक्यात दोन शब्द हलले. १७१९ चे स्वराज्य सनदेने आले होते. आता ते जन्माने आले, आणि जन्माला सनद लागत नाही. ‘हक्क’ही एका घराण्याचा न राहता सगळ्यांचा झाला.

प्रतियोगीही बदलला. १९१६ च्या बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांत टिळक बादशहाला हात लावत नाहीत. मधली नोकरशाही जावी म्हणतात. पुण्याच्या जिल्हा न्यायदंडाधिकाऱ्याने याला राजद्रोह मानून वीस हजारांचा जातमुचलका मागितला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, टिळकांच्या बाजूने जिना उभे राहिले आणि नोव्हेंबरमध्ये हुकूम रद्द झाला. न्यायमूर्ती बॅचेलर यांचा आग्रह होता की भाषणे सुटी वाक्ये काढून न पाहता सबंध वाचावीत. भाष्यकाराचा हा पहिला नियम त्या दिवशी न्यायासनावरून सांगितला गेला.

सूत्र ५. विशेषण लागले की नाम सैल झाले समजावे.

१९२३ मध्ये स्वराज्य पक्ष निघाला, तो कायदेमंडळात शिरण्यासाठी. १९२८ च्या नेहरू अहवालात वसाहतींचे स्वराज्य आले. डिसेंबर १९२९ च्या लाहोर अधिवेशनात ‘पूर्ण’ हे विशेषण जोडावे लागले. अपूर्ण स्वराज्यही चालते अशी समजूत रुजल्याशिवाय ‘पूर्ण’ म्हणायची पाळी येत नाही. दुधात पाणी आल्यावरच ‘निर्भेळ’ ही पाटी लागते.

राज्याचे विशेषण सापडते. ‘स्व’चे सापडणे कठीण. गांधींनी १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये ‘स्व’ आतल्या बाजूला वळवला: आपल्यावर आपले राज्य. उपनिषदातली जुनी छटा राजकारणात परतली ती अशी. आंबेडकरांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या ‘मूकनायक’मध्ये तोच ‘स्व’ समाजाच्या बाजूने तपासला: परक्यांच्या हातून सुटलेले राज्य ज्या ‘आपल्यां’च्या हाती पडणार, त्यांत अस्पृश्य धरले आहेत का? पहिल्या प्रश्नाचा प्रतियोगी माणसाच्या आत आहे, दुसऱ्याचा त्याच्याच गावात. शब्द एकच, त्याच्यासमोर उभे असलेले मात्र दोन.

सूत्र ६. प्रतियोगी हरवला की शब्द पाटीवर जातो.

आज स्वराज्य हा शब्द कारभारात रोज वापरला जातो तो ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ या नावात. १८८२ च्या रिपनच्या ठरावापासून चालत आलेली ही व्यवस्था: ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका. घरपट्टीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला या शब्दात ना सनद ऐकू येते, ना जन्मसिद्ध हक्क. तुंबलेले गटार आणि सकाळी सहाचे नळाचे पाणी एवढाच तो अर्थ. हा ऱ्हास म्हणावा का? घाईने म्हणू नये. १७१९ च्या वहीतही हा शब्द वसुलाचाच होता.

‘हरवला’ हे पद नीट वाचावे. ‘मेला’ असे म्हटलेले नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली नाही आणि कारभार प्रशासकाकडे गेला. इतरही अनेक शहरांत तेच झाले. कामे बंद पडली नाहीत. फायली हलत होत्या. तरी नाक्यावर प्रश्न येऊ लागला, ‘आता नगरसेवकच नाही, तर सांगायचे कोणाला?’ या प्रश्नात स्वराज्य हा शब्द कुठेही नाही. पण त्याला एक प्रतियोगी पुन्हा मिळाला होता, आणि विचारणारा ‘स्व’ही.