तळटीप : बडोद्याच्या लोकमताविषयी

* ग्रंथकाराने येथे ‘बडोद्याचे लोकमत’ असा जो सरसकट उल्लेख केला आहे, त्यास मर्यादा घालणे संपादकास अगत्याचे वाटते. बडोद्याच्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापन केलेले रजनी कोठारी यांनी तरुण शेठ यांच्यासह १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीचा जो अभ्यास केला, व जो मायरन वीनर आणि कोठारी यांनी संपादिलेल्या १९६५ च्या संग्रहात समाविष्ट आहे, त्याचा विषय ‘बडोदे पूर्व’ येथील जातनिहाय मतदानाची व्याप्ती आणि तिच्या मर्यादा हा होता. ज्यांच्या वाडवडिलांची हयात गायकवाडी दप्तरात गेली आणि १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर ज्यांचा तो आधार सुटला, त्या बडोद्याच्या वाडी भागातील मराठी कुटुंबांचे मन त्यावरून अनुमानाने ठरविणे सयुक्तिक नव्हे. शिवाय, ओट्यावर बसून प्रश्नकर्त्याने सुनेला विचारावे आणि उत्तर माजघराच्या उंबऱ्यातून सासऱ्यांनी द्यावे, अशा घरी कागदावर दोन मते नोंदली जातात, पण हाती वस्तुतः एकच येते. तेव्हा पुढील प्रकरणातील टक्केवारी वाचताना प्रश्न कोणी, कोणत्या भाषेत व कोणासमक्ष विचारला, हे वाचकांनी आधी पाहावे, अशी विनंती आहे. — संपादक