इन्फ्ल्यूएंझाची जागतिक साथ, २००९
एच१ एन१ विषाणूच्या नव्या प्रकारामुळे उद्‌भवलेली जगव्यापी साथ. एप्रिल २००९ मध्ये हा विषाणू मेक्सिको व अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथे ओळखला गेला. संयुक्त संस्थानांत साथीची दुसरी लाट ऑक्टोबरअखेर शिगेला पोहोचली. लस त्याच महिन्यात आली, पण अपुरी असल्याने तिच्यासाठी रांगा लागल्या. ती विपुल झाली तोवर रुग्ण घटले होते व भीतीबरोबर लसीची मागणीही ओसरली. १९७६ मध्ये तेथे अशाच लसीकरणानंतर काहींना गीयँ-बारे हा तंत्रिकाविकार जडला होता आणि अपेक्षित साथ आलीच नव्हती. त्या स्मृतीनेही साशंकता वाढविली. जागतिक आरोग्य संघटनेने १० ऑगस्ट २०१० रोजी साथ संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र नाहीसा न होता हंगामी इन्फ्ल्यूएंझात सामावला. त्यामुळे साथीची ओहोटी ही लसीची गरज संपल्याची खूण ठरली नाही.