एका वेळीं एकच : जुन्या मोबाइल जाळ्यांची मर्यादा

कोणत्याहि यंत्राचा इतिहास लिहितांना तें काय काय करीत होतें याची यादी देणें सोपें असतें. त्याला काय करतां येत नव्हतें, आणि तें कां, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः यंत्र घडविणाऱ्यांनीं कोणतें काम मुख्य मानलें व कोणतें गौण, याचा उलगडा या दुसऱ्या प्रश्नानें अधिक चांगला होतो. मोबाइल फोनची एक जुनी अडचण या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीं ज्यांनीं मोबाइलवर इंटरनेट वापरलें त्यांना आठवत असेल कीं, फोनवर बोलणें सुरू झालें म्हणजे इंटरनेट थांबे. बोलणें संपेपर्यंत अर्धवट उघडलेलें पान तसेंच राही. जुनीं यंत्रें मंद होतीं, एवढेंच याचें कारण सामान्यतः सांगण्यांत येतें. आमच्या मतें तें पुरेसें नाहीं. वेग कितीहि वाढविला असता तरी ही अडचण राहिलीच असती, कारण तिचें मूळ जाळ्याच्या रचनेंत होतें.

दुसऱ्या पिढीच्या जाळ्यांपैकीं जी. एस. एम. हें प्रमुख होय. युरोपांतील अनेक देशांनीं मिळून त्याची आंखणी केली. १९९१ च्या जुलैच्या पहिल्या तारखेस फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनीं या जाळ्यावरून ताम्पेरे शहराच्या उपमहापौर कारिना सुओनिओ यांच्याशीं पहिलें संभाषण केलें. आपल्याकडे १९९५ च्या ३१ जुलै रोजीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांना फोन केला, आणि भारतांत मोबाइलचें युग सुरू झालें. दोन्ही ठिकाणीं नव्या यंत्राची परीक्षा झाली ती बोलण्यानें. फोन म्हणजे बोलण्याचें साधन, याविषयीं तेव्हां कोणासहि शंका नव्हती.

रचनाहि या समजुतीस धरूनच झाली. २०० किलोहर्ट्झ रुंदीचा एक रेडिओपट्टा घ्यावयाचा, आणि त्यावरील काळाचे आठ भाग पाडावयाचे. या आठ पाळ्यांची एक फेरी सेकंदाच्या सुमारें दोनशेव्या भागांत पुरी होई, आणि प्रत्येक फेरींत बोलणाऱ्यास आपली पाळी मिळे. त्याचा आवाज सेकंदास १३ हजार बिटांत बसविलेला असे. पाळी एकदां मिळाली म्हणजे बोलणें संपेपर्यंत ती त्याचीच. तो गप्प बसला तरी ती दुसऱ्यास देत नसत. आगगाडींतील आरक्षित जागा, उतारू डुलक्या घेत असला तरी, जशी त्याचीच राहते तसाच हा प्रकार. तारेच्या टेलिफोनची जुनी रीतच येथें हवेंत उतरविली होती.

मजकूर पाठवावयाचा झाल्यास तोहि याच जागेंत बसवावा लागे. त्यासाठीं फोन लावावयाचा, मिनिटांचे पैसे मोजावयाचे, आणि सेकंदास ९,६०० बिट या गतीनें वाट पाहावयाची. म्हणजे मजकुराला प्रवास करण्यासाठीं बोलण्याचें सोंग घ्यावें लागे. एकाच गोष्टीस यांतून सूट होती, ती म्हणजे लघुसंदेश. १९९२ च्या ३ डिसेंबर रोजीं इंग्लंडांत 'मेरी ख्रिसमस' हा पहिला संदेश गेला. त्यास १६० अक्षरांची मर्यादा पडली, कारण फोन व मनोरा यांच्यामध्यें खुणांची देवघेव करण्यासाठीं राखलेल्या चिंचोळ्या वाटेनें तो जात असे. परंतु त्या वाटेनें गेल्यामुळेंच बोलणें चालू असतांनाहि तो येऊन पोंचे.

२००० च्या सुमारास जी. पी. आर. एस. आलें, आणि मजकूर लहान लहान पुड्यांच्या रूपानें जाऊं लागला. आरक्षित जागा व टपालाची पेटी यांत जो भेद आहे तोच या दोन रीतींत आहे. पेटींत पत्रें टाकणारे अनेक असतात. ज्याचें पत्र असेल तेवढ्यापुरतीच त्यास जागा लागते. पण हें टपाल मूळच्या बोलण्याच्या गाडीस मागून जोडलेलें होतें. त्यामुळें फोनांचे तीन वर्ग ठरले. 'अ' वर्गाच्या फोनला दोन्ही कामें एकाच वेळीं करतां येत. 'ब' वर्गाचा फोन दोहोंकडे नांव नोंदवी, पण काम एका वेळीं एकच करी. 'क' वर्गास दोहोंपैकीं एकाचीच निवड आधीं करावी लागे. खरा 'अ' वर्ग साधावयाचा तर एका फोनमध्यें जवळजवळ दोन रेडिओ बसवावे लागले असते. खर्च वाढला असता व बॅटरीवरहि ताण पडला असता. म्हणून लोकांच्या हातीं आले ते बहुतेक 'ब' वर्गाचे. पुढें बोलणें व मजकूर यांच्या पाळ्या शेजारीं शेजारीं लावण्याची युक्ति निघाली, पण ती सर्वत्र पसरली नाहीं.

अमेरिकेंतील सी. डी. एम. ए. पद्धतीनें निराळा मार्ग धरला. रिलायन्सनें २००२ च्या डिसेंबरांत आपल्याकडे आणली ती याच कुळांतील. तिच्या ई. व्ही. डी. ओ. नांवाच्या सुधारणेनें मजकुरासाठीं रेडिओपट्टाच वेगळा काढला. त्यांतील शेवटच्या दोन अक्षरांचा मूळ अर्थच 'डेटा ओन्ली', म्हणजे केवळ मजकूर, असा होता. गति पुष्कळ वाढली. परंतु फोनमधील एकच रेडिओ एका वेळीं एकाच पट्ट्यावर लागत असल्यामुळें जुनी अडचण कायम राहिली. २०११ च्या फेब्रुवारींत व्हेरायझनच्या जाळ्यावर आयफोन आला तेव्हां त्याच्यावर बोलत असतां इंटरनेट चालत नसे. प्रतिस्पर्धी ए. टी. अँड टी. च्या तिसऱ्या पिढीच्या जाळ्यावर दोन्ही चालत, आणि त्या कंपनीनें याच गोष्टीची जाहिरात केली. वेगानें ही अडचण सुटत नव्हती, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

चौथ्या पिढीनें सर्व उलटेंच केलें. २००९ च्या डिसेंबरांत स्टॉकहोम व ऑस्लो येथें सुरू झालेल्या या जाळ्यांत आरक्षित जागा मुळींच नव्हती. सर्व कारभार टपालाचा. आरंभीं तर बोलण्याची सोयच नव्हती, आणि कोणाचा फोन आला कीं यंत्रास जुन्या पिढीच्या जाळ्यावर उतरावें लागे. नंतर बोलण्यासच पुड्यांचें रूप देण्यांत आलें. २०१६ च्या सप्टेंबरांत निघालेलें जिओचें जाळें पहिल्यापासून या रीतीवर उभें आहे. पूर्वीं मजकुरास बोलण्याचें सोंग घ्यावें लागे, तें आतां बोलण्यास मजकुराचें घ्यावें लागतें. त्याची पुडी आधीं नेण्याची व्यवस्था केलेली असते. तथापि तें आतां पाहुणा आहे, घरधनी नव्हे.

हा पालट केवळ तज्ज्ञांच्या कुतूहलाचा विषय नाहीं. ऑस्ट्रेलियांत २०२४ च्या ऑक्टोबरांत तिसऱ्या पिढीचीं शेवटचीं जाळीं बंद होऊं लागलीं, तेव्हां असे फोन आढळले कीं ज्यांवर चौथ्या पिढीचें इंटरनेट चाले, नेहमीचें संभाषणहि चाले, पण संकटकाळचा ००० हा क्रमांक फिरवितांच ते जुनें जाळें शोधूं लागत. सरकारी आदेशानें कंपन्यांना असे फोन बंद करावे लागले. जुनीं जाळीं ठेवण्यांत रेडिओपट्टे अडकतात, दुसऱ्या पिढीचें गुप्ततेचें कुलूपहि आज कमकुवत ठरलें आहे; तीं बंद करणारांची बाजू अगदींच लटकी नाहीं. अमेरिकेंत ए. टी. अँड टी. नें दुसरी पिढी २०१७ च्या आरंभीं बंद केली. उलट आपल्याकडे एअरटेलनें २०२० च्या सुमारास तिसरी पिढी मोडीत काढली, पण दुसरी राखली. कारण साधा बटणांचा फोन वापरणारे असंख्य लोक तिच्यावरच बोलतात.

या लोकांना मजकूर व बोलणें एकाच वेळीं नको आहे. त्यांना बोलणें तेवढें हवें आहे, आणि तें देण्याचें वचन जुन्या जाळ्यानें चोख पाळलें. ज्या मर्यादेस आपण हंसतों ती त्याच वचनाची दुसरी बाजू होती. दुसरी पिढी एके दिवशीं आपल्याकडेहि जाईल. तत्पूर्वीं प्रत्येक घरांतील अशा माणसाच्या हातीं बोलतां येईल असें दुसरें साधन आलें आहे कीं नाहीं, आणि त्यावरून संकटकाळचा क्रमांक लागतो कीं नाहीं, हें पाहण्याची जबाबदारी कंपन्यांची व सरकारची तर आहेच, पण त्याच्या घरांतील शिकलेल्या मंडळींचीहि आहे.