मातीची वास्तू जपायची कशी? सेवाग्रामच्या बापू कुटीची गोष्ट

१/ दर्यापूर तालुक्यातील लासूरचे यादवकालीन आनंदेश्वर मंदिर दगडाचे आहे. त्याने शतके पाहिली. मातीची भिंत मात्र दुर्लक्ष झाल्यास काही पावसाळ्यांतच खचते. मग वर्ध्याजवळची मातीची बापू कुटी इतकी दशके उभी कशी?

२/ ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहावयास आले. आपल्या वऱ्हाडातील शेगाव गजानन महाराजांचे आणि रेल्वेमार्गावरचे. नामसाधर्म्यामुळे टपाल चुकू लागले, म्हणून १९४० मध्ये त्या गावाचे नाव 'सेवाग्राम' झाले.

३/ तेथे प्रथम 'आदी निवास' उभा राहिला. तो माणसांनी भरून गेला, तेव्हा मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेल्या झोपडीत गांधीजी राहू लागले. तीच वाढवून बापू कुटी झाली. मीराबेन म्हणजे ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची कन्या मॅडेलिन स्लेड. भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा ही त्यांचीच कलाकृती.

४/ बांबू, लाकूड, माती, छपरावर गवताऐवजी देशी कवेलू आणि शेणाने सारवलेली जमीन. पऱ्हाटीच्या कुडाची घरे पाहिलेल्या वऱ्हाडी माणसाला यात परके काहीच वाटणार नाही.

५/ १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यसमितीने वर्ध्यात ब्रिटिश सत्ता संपविण्याची मागणी करणारा ठराव केला, तेव्हा गांधीजींचे घर हेच होते. २५ ऑगस्ट १९४६ रोजी ते येथून निघाले, ते पुन्हा परतले नाहीत.

६/ आता संरक्षणाचा प्रश्न. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यानुसार 'प्राचीन स्मारक' किमान १०० वर्षांचे असावे लागते. कुटीने अजून शंभरी गाठलेली नाही. तिची देखभाल सेवाग्राम आश्रम प्रतिष्ठान करते.

७/ परंतु शंभरी भरली तरी केवळ फलक लावून ही कुटी टिकणार नाही. दगडी शिल्पाला शक्यतो हात लावू नये. मातीच्या भिंतीला मात्र वारंवार हात लावावा लागतो. कवेलू फेरावे लागतात, भेगा लिंपाव्या लागतात, जमीन सारवावी लागते.

८/ आमच्या घरी आजी दिवाळीआधी भिंतींना पोतारा देत असे. माती किती भिजवावी, हे तिच्या बोटांना ठाऊक होते. आम्हां नातवंडांपैकी कोणालाही ते येत नाही. वास्तूची नोंद दप्तरात राहील. ते ज्ञान हरवले, तर बापू कुटी लिंपायला उद्या कोणाला बोलवावे?