भीमथडी आणि अडीच वर्षांचं शिंगरू
काल एक शिंगरू बघून आलो. आई देशी तट्टू, बाप मारवाडी, असं मालक सांगतो. चाल हलकी आहे, मन बसलंय.

संकर आपल्याला नवा नाही. सतराव्या-अठराव्या शतकात भीमेकाठच्या तट्टांत अरबी, तुर्की रक्त मिसळून भीमथडी घोडा तयार झाला. अंगाने लहान, पण काटक आणि लांब पल्ल्याचा. मराठ्यांच्या फौजा त्याच्यावर दौडल्या. त्यात बारगिराला घोडा सरकारी, शिलेदाराचा मात्र स्वतःचा. घोडा मेला की त्याची रोजीरोटीच गेली, त्यामुळे तो पारखूनच घेत असणार.

पण भीमथडी काही एका पिढीत झाला नाही! पिढ्यानपिढ्या निवड झाली तेव्हा तो गुण टिकला. या शिंगरात बापाची उंची येते की आईचा काटकपणा, हे आज कोण सांगणार?

तोंड उघडून पाहिलं. मधले दुधाचे दात आत्ताच पडून पक्के येतायत, म्हणजे अडीच वर्षं. मालक चार म्हणत होता. चाराला फक्त कडेचेच दुधाचे उरतात. म्हणजे अजून दीड-दोन वर्षं पाठीवर ओझं नाही, नुसती चंदी घालायची.

आणि भीमथडी कोरड्या मुलखातला, आपलं पनवेल पावसाचं. चार महिने ओल्यात उभं राहिलं की खुराचा तळ सडतो. आधी उंच, कोरडा ओटा बांधतो. भाव अडीच वर्षांचाच सांगितलाय. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय बयाणा देणार नाही.